शौकतभाई भोंगेवाला आन मुनिराची अट

नाय गं संस्कृती, तसं नको लिहू. ध्वनिक्षेपक कोण म्हणतं? भोंगा लिही, भोंगा. शौकतभाईचा भोंगा. बजाजनगरात ध्वनिक्षेपक कुठंय म्हणून इचारशील तर लोकं तुपल्याकडं बघत बसतील.

तर मी त्याच्या आवाजाचं सांगत व्हते. असा आवाज मी जल्मात ऐकला नाय बघ. बाप्या एवढुसा, गालफाडं बसलेली, डोक्यावर टोपी, टोपीखाली एक केस नाय, आन आवाज असा की मांडणीवरची भांडी वाजावीत. आधी तो वाळूजला कंपनीत व्हता. कंपनी बंद पडली तव्हा त्यानं एक जुनी रिक्षा घेतली, वर दोन भोंगे बांधले आन गल्लोगल्ली वरडत फिरायचं काम धरलं. आपण तव्हा बजाजनगरातच राहायचो, शहरात उस्मानपुऱ्याला तर आत्ता आलो. आपल्या आन त्येंच्या घरात एकच भिंत. पल्याड त्याची बायको मुनिरा शिलाई मिशनवर साड्यांना फॉल लावायची, गोधड्या शिवायची. मिशनीचा आवाज मला इकडं भाकरी थापताना ऐकू यायचा. मिशन बंद झाली की मी समजायचे, तिनं चहा ठेवला. की निघाले मी.

शौकतभाई काय काय वरडायचा! साडीचा सेल लागला तर, "शेवटचे दोन दिवस, माताभगिनींनो, फक्त शेवटचे दोन दिवस!" आन ते शेवटचे दोन दिवस आखाड गेला, श्रावण गेला, पोळा झाला, तरी संपंनात. समोरची सरूबाई, आप्पासाहेबाची बायको, लई तिखट तोंडाची. ती रिक्षाच्या म्होरं उभी राहायची.

"काय ओ शौकतभाई, तुमचे दोन दिवस कव्हा संपतेत? मपल्या सुनंला दिवस गेले तव्हाबी चालू व्हते, आता बारशाला साडी तिथूनच घेऊ का?"

"भाभी, सेठ जो बोलता वो बोलना पडता," असं म्हणून तो हसायचा.

एकदा केस उगवायचं तेल आलं. टोपी गच्च बसवून हा बाबा दिवसभर वरडला, टकलावर केस, टकलावर केस! सर्कस आली तव्हा म्हणला जंगलचा राजा सिंह बघा. आम्ही लेकरं घेऊन गेलो तर एक म्हातारा उंट उभा. आन पाणी? पाण्याचं तर सांगूच नको. "उद्या पहाटे नळाला पाणी येणार आहे." आम्ही बाया अंधारात हंडे मांडून बसायचो. पाणी यायचं ते परवा, नायतर यायचंच नाय. त्यात त्याची काय चूक म्हणा, जे देतील ते तो वाचायचा. पर पाणीवाला काय आमच्या म्होरं नव्हता, म्होरं व्हता शौकतभाई. शिव्या त्यालाच.

एक मातर हाय. कुणाचं लेकरू हरवलं, म्हातारं माणूस वाट चुकलं, की तो फुकट फिरायचा, सापडंपतोर फिरायचा. ते लिहून ठेव.

मग तो रोग आला. तू तव्हा लहान व्हतीस, तुला तोंडाचा मास्क नि मोबाईलवरची शाळा एवढंच ध्यानात असंल. आपल्याकडं टीव्ही दिवसभर चालू. सकाळचा डॉक्टर म्हणायचा, वाफ घ्या. आम्ही घरभर पातेली उकळली. दुपारचा म्हणायचा, वाफंनं घसा भाजतो, घेऊ नका. एक म्हणला नाकात लिंबू पिळा. तुपल्या आज्यानं पिळलं! असा थयथय नाचला, असा नाचला, लग्नात बी नाचला नव्हता. आन ती टीव्हीवरची पोरगी रोज वरडून वरडून सांगायची आज इतके गेले, की लगेच पंख्याची जाहिरात. आठ-आठ तोंडं एकाच टायमाला भांडायची. कोण खरं, कोण खोटं, कसं कळावं माणसानं? शेवटाला तुपल्या आज्यानं टीव्हीवर टॉवेल टाकला. म्हणला, "ह्यालाच ताप आलाय. झोपू द्या ह्याला."

हसतीस काय, लिही.

त्याच उन्हाळ्यात मुनिराचा भाऊ गेला, अफजल. दवाखान्यात नेला तो नेलाच. आत कुणाला जाऊ देत नव्हते. ही बिचारी रोज फोन लावायची आन फोनवरचा माणूस रोज म्हणायचा, तब्येत सुधारते आहे. ज्या सकाळी सुधारते आहे म्हणला, त्याच दुपारी निरोप आला. तोंडबी बघू दिलं नाय तिला. मी गेले, तर मिशनीवर हात ठिऊन बसली व्हती. मला म्हणली, "आक्का, मरना तो अल्ला के हाथ में है. पर झूट कायकू बोले?"

मी चहा ठेवला.

त्या दिवसापासून तिनं समद्यांवरचा इस्वास काढला. टीव्ही, फोन, पांढरा कोट, सगळे एका पोत्यात भरले आन तोंड बांधून टाकलं. तिला दमा, बरं का. थंडी पडली की रातभर उठून बसायची, छातीत नुसती शिट्टी वाजायची. भिंतीपल्याड मला ऐकू यायचं.

मग सुई आली. लस. आन आल्या आल्या बातम्या सुटल्या. कुणी म्हणं दोन वर्सांत माणूस मरतं. कुणी म्हणं अंगात लोहचुंबक बसतं. आप्पासाहेबानं कंपनीतून सुई घेतली, तर सरूबाईनं त्याच्या दंडाला चमचा लावून बघितला. आन चिटकला की गं! अख्खी गल्ली बघायला. मी म्हणलं, अगं सरूबाई, त्याला घामानं आंघोळ घातलीय, त्याला परात लावलीस तरी चिटकंल. पर कोण ऐकतं. दिवाळी झाली आन वरून हुकूम आला, सुई नाय तर राशन नाय, पेट्रोल नाय. झालं. जे घेणार व्हते तेबी बिचकले. म्हणले, चांगली चीज हाय तर एवढी जबरदस्ती कामून?

शाळंत कॅम्प लागला. आन वरडायचं काम कुणाला? शौकतभाईला. त्याला एक टेप दिली. त्यात एक बाई गोड आवाजात म्हणायची, "लस पूर्णपणे सुरक्षित आहे. घाबरू नका. कोणताही त्रास होत नाही." आन टेप संपली की हा त्याच्या सेलच्या आवाजात, "फक्त दोन दिवस! शेवटची संधी!"

सवयच ना ती. जिभंला लागलेली.

लोकं दारात येऊन हसायला लागली. "काय शौकतभाई, सुईवर साडी फ्री हाय का?" "त्या तेलाच्या बाटलीतली नाय ना?" आन सरूबाई कमरंवर हात ठिऊन उभी. म्हणली, "समदं सोडा. मुनिरानं घेतली का? आधी घरात द्या, मग आम्हाला सांगा."

शौकतभाईनं भोंगा बंद केला आन रिक्षा वळवली. कारण मुनिरानं घेतली नव्हती.

त्यानं सोता घेतली व्हती, काम मिळायचं म्हणून. घेतल्यावर ताप आला, दोन गोधड्या घेऊन थडथड उडत व्हता, मुनिरानंच कपाळावर पट्ट्या ठेवल्या. त्याला वाटलं, आपण घेतली म्हणजे आता हिला सांगता येईल. तर ही कानाला हात लावायची.

संध्याकाळी आला माझ्याकडं. टोपी हातात. म्हणला, "आक्का, थंडी आ गई. लोगां बोल रे फिर बीमारी आनेवाली. उसकी छाती तुम सुनते ना रात को? कुछ हो गया तो मैं क्या करूं? तुम बोलो उसको."

मी गेले. शिऱ्याची वाटी घेऊन गेले, मोकळ्या हातानं असलं बोलणं होत नाय. मुनिरा फॉल लावत व्हती, मान वर केली नाय. शौकतभाई सुरू झाला, आन काय सांगू, घरातबी तोच भोंग्याचा आवाज! "लस पूर्णपणे सुरक्षित आहे..."

मुनिरानं मिशन थांबवली.

"कौन बोल रा ये? तुम बोल रे के टेप बोल रा?"

"मैं बोल रा."

"त्रास होत नाय? तुम गोधड़ी में कांप रे थे, अम्मा अम्मा कर रे थे, पट्टियां कौन रखा? और भोंगा बोलता त्रास नाय!" मग माझ्याकडं वळली आन मराठीत म्हणली, "आक्का, तुम्हीच सांगा. साडी ह्याच आवाजात. तेल ह्याच आवाजात. पाणी ह्याच आवाजात. आता सुई पण ह्याच आवाजात. मला कळावं कसं, ह्यातलं खरं कोणतं? माझ्या भावाचं पण असंच गोड आवाजात सांगत होते."

मी शिरा चमच्यानं हलवत बसले. तिचं काय चुकलं, सांग तूच.

शेवटाला शौकतभाई म्हणला, "तो क्या करूं मैं?"

मुनिरानं सुईत दोरा ओवला, गाठ मारली, आन म्हणली, "ज्या भोंग्यावर खोटं सांगितलं, त्याच भोंग्यावर सांगून या, की ते खोटं होतं. सगळ्या गल्ल्यांत. मग मी समजेन की ह्या तोंडाला खरं बोलता येतं. मग मी येईन."

"सब का सब? धंदा बैठ जाएगा मेरा!"

"मग बसू दे," म्हणली, आन मिशन सुरू.

मला वाटलं, संपला इषय. कोण करंल असं? बाप्याची जात, चार लोकांत मान खाली घालायची म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं.

सकाळी मी दारात रांगोळी टाकत व्हते. आन कोपऱ्यावरून भोंगा वाजला. टेप नाय. शौकतभाई सोता.

"बजाजनगरच्या समस्त रहिवाशांना कळविण्यात येते, की साडीच्या सेलचे शेवटचे दोन दिवस हे खोटे होते. ते शेवटचे नव्हते. मला माहीत होतं."

माझी रांगोळी वाकडी झाली बघ. समोर सरूबाई दात घासत व्हती, ती तशीच तोंडात ब्रश घेऊन बाहीर.

"तसेच केस उगवण्याच्या तेलाबाबत कळविण्यात येते..." रिक्षा थांबली. हा खाली उतरला, टोपी काढली आन चारी बाजूला डोकं फिरवून दाखवलं. "मी स्वतः तीन बाटल्या लावल्या. पुरावा समोर आहे."

अगं, काय हसली गल्ली! माडीवरनं पोरं शिट्ट्या मारायला लागली. रातपाळी करून आलेले गडी उठून बाहीर आले, त्यांचीबी झोप उडाली.

कुणीतरी वरून वरडलं, "सिंहाचं काय?"

"सिंह नव्हता. म्हातारा उंट होता. त्याचा पण पाय लंगडा होता."

"आन पाणी?" ही सरूबाई. तोंडातला फेस बी थुंकली नव्हती.

"पाण्याबाबत कळविण्यात येते, की पाणी येणार असं मला लोक सांगायचे आन मी तुम्हाला सांगायचो. मी कधी पुन्हा विचारलं नाही. तुम्ही हंडे घेऊन बसायचा आन माझ्या घरी पण माझी बायको हंडा घेऊन बसायची."

तो एकेक गल्ली करत गेला आन लोकं त्याच्या मागं मागं. वरात निघाल्यागत झालं. दर वळणावर कुणाला तरी नवीन आठवायचं. "ते पोट कमी करायचं चूर्ण?" "खोटं!" "शंभर टक्के नोकरीचा क्लास?" "खोटं! माझा भाचा अजून घरीच बसलाय!" आमच्या बाया पदर तोंडाला लावून लावून हसल्या. लॉकडाऊनच्या बंदीनंतर, त्या भेवानंतर, माणसं पैल्यांदा अशी घोळक्यानं हसत व्हती. मला तर रडूच आलं हसता हसता.

फिरून फिरून रिक्षा त्याच्या सोताच्या दारात आली. मुनिरा उंबऱ्यात उभी, गळ्यात मापाची टेप. ह्याचा आवाज खाली आला. भोंगा तोच, पर आवाज घरातला झाला.

"आता सुईचं. त्रास होत नाही, असं मी वाजवत फिरलो, ते खोटं. मला ताप आला. हाडं दुखली. मी रडलो. पुढं काय होईल ते मला माहीत नाही. मी डॉक्टर नाही, मी शिकलेला नाही. पण अफजलभाईला ही सुई मिळाली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. आन मला माझी बायको पाहिजे. एवढं खरं आहे."

मुनिरा त्याच्याकडं बघत राहिली. मला वाटलं आता रडती. ती म्हणली,

"टोपी पहनो पहले. सर्दी होती."

आन आत जाऊन बुरखा घालून आली आन रिक्षात बसली. मी मागून चढले. सरूबाई म्हणली सरका, मी बी येते, बघायला. म्हणलं बघायलाच ये.

शाळंत डॉक्टरीण आन सिस्टर माशा मारत बसल्या व्हत्या. डॉक्टरीण म्हणजे पोरगीच गं, तू आता हायेस तेवढी. एवढा घोळका बघून ती उठून उभी राहिली, तिला वाटलं भांडायला आले. मुनिरा सरळ तिच्या म्होरं गेली.

"दोन साल के बाद क्या होता इससे?"

पोरगी सुरू झाली, अभ्यास झालाय, आकडे अमुक, टक्के तमुक. मुनिरा म्हणली, "वो टीव्ही पे सुन ली मैं. तुम बोलो."

पोरगी थांबली. मास्क जरा सारखा केला. म्हणली, "मावशी, दोन वर्षांनंतरचं मी बघितलेलं नाही. उन्हाळ्यात वॉर्डात मी होते, ते बघितलंय. माझ्या आईला मी माझ्या हातानं ही सुई दिली. मला एवढंच सांगता येईल."

मुनिरा हळूच म्हणली, "उस फोनवाले ने इतना बी नहीं बोला." आन बाही वर केली.

सिस्टर म्हणली, "काही नाही मावशी, मुंगी चावल्यासारखं वाटेल." टोचली. मुनिरानं ओठ दाबला. झालं. बाहीर आली तर दारात समदी गर्दी, सरूबाई सगळ्यात म्होरं. "दुखलं का? खरं सांग!"

मुनिरानं नवऱ्याच्या हातातला माइक घेतला. जल्मात पैल्यांदा घेतला तिनं तो हातात. उलटा धरला व्हता, त्यानं सुलटा करून दिला. आन भोंग्यातून तिचा आवाज आला,

"मुंगी नाही! ते खोटं आहे. गांधीलमाशी. गांधीलमाशी चावते तसं दुखलं. पर मैं खड़ी हूं."

बास. एवढंच. सरूबाईनं पदर खोचला आन म्हणली, "गांधीलमाशी ना? मला शेतात लई येळा चावलीय. चल सरक." आन तिच्या मागं लाईन लागली. तुपला आजा लायनीत, मी लायनीत. आत गेलं की बाया सिस्टरला म्हणायच्या, "द्या ओ बाई, गांधीलमाशी द्या." दुपारपतोर सिस्टरबी तेच म्हणायला लागली, "गांधीलमाशी आहे हां, हात सैल सोडा." समद्यांनी नाय घेतली, उगं खोटं कामून सांगू. काही शेवटपतोर आलेच नायत. पर लायन शाळंच्या फाटकाबाहीर गेली व्हती, हे मी मपल्या डोळ्यानं बघितलं.

मुनिराला ताप आला, आला म्हणजे आलाच. शौकतभाईनं खिचडी केली, मीठ दोनदा घातलं. ती पडल्या पडल्या म्हणली, "ये बी भोंगे पे बोल के आओ." त्या हिवाळ्यात तिची छाती वाजली, रोजच्यासारखी. पर ती राहिली. भिंतीपल्याड मिशन चालू राहिली.

साडीवाला सेठ मातर चिडला तो चिडलाच, त्यानं दुसऱ्या गावची रिक्षा लावली. आता शौकतभाईकडं काम आलं की आधी मुनिराला वाचून दाखवतो. ती दोरा तोडता तोडता म्हणती, हे काढा, हे कोण म्हणलं, ह्याला फोन करून इचारा. पाणी येणार असलं तर हा आधी टाकीवर जाऊन बघून येतो, आन मगच वरडतो. आन कधी कधी भोंग्यावरून म्हणतो, "पाण्याचं मला माहीत नाही. कळलं की सांगतो." लोकांना तेबी बरं वाटतं. हंडे भरून नसले तरी जीव टांगणीला नाय.

बास, आता हात दुखला असंल तुपला. पर एक शेवटचं लिही. जो कुणी हे वाचंल आन बजाजनगराकडं चालला असंल, त्यानं मुनिराला मपला निरोप द्यावा. म्हणावं, मुक्ताआक्काची नात संस्कृती नर्शिंगला लागली, आता लोकांना टोचायला शिकतीया. तिला म्हणावं, ये एकदा उस्मानपुऱ्याला, पोरीला समोर बसवून सांग, की मुंगी म्हणायचं नाय म्हणून. मी सांगितलं तर ती हसती. आन शौकतभाईला घेऊन ये म्हणावं, पर भोंगा घरी ठिऊन. दात राहिले नायत मला, तव्हा मटण नको आणू, शेवया आण.